एवेलिओची पत्रं गल्लीभर

ओल्गीन शहरातल्या त्या गल्लीत एवेलिओला लोक ओळखत ते पावामुळे. उभा जन्म सरकारी भट्टीवर गेला, आणि निवृत्तीनंतरही पहाटे जाग यायची ती यायचीच, म्हणून मग तो घरीच पाव भाजून शेजारीपाजारी वाटायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस हसरा, पण मनातलं बोलायची वेळ आली की हमखास पीठ मळायला उठणारा.

अशा या गड्याला दूरच्या बाराकोआ गावची सोराइदा दर आठवड्याला मेल पाठवायची. भाचीच्या लग्नात दोघं मनसोक्त नाचली होती, तेव्हापासूनची ही पत्रं. मेलची पेटी इवलीशी, त्यामुळे पत्रं घरच्या जुन्या संगणकावर उतरवली की तिकडून पुसली जात. म्हणजे सोराइदाचा शब्द न् शब्द त्या एका डबड्यात होता.

एके दुपारी ते डबडं घरघरायला लागलं आणि एवेलिओ पत्रं वाचवायच्या मागे लागला. पत्रं दुसरीकडे उतरवायला हाताशी होती फक्त 'पाकेते'ची, म्हणजे आठवड्याच्या करमणुकीच्या गठ्ठ्याची डिस्क. नव्या मालिका, सिनेमे, गाणी भरून मिलेइदिस नावाची पोरगी ती दर आठवड्याला गल्लीत आणते. एका घराचं उतरवून झालं की डिस्क पुढच्या घरी जाते. एवेलिओने सगळी पत्रं आणि ब्राउझरमध्ये खूण करून ठेवलेली पानं एका फोल्डरमध्ये भरून तिच्यावर टाकली. हुश्श करतोय तोच वीज गेली. परत आली तेव्हा संगणकाने मान टाकली होती. त्याला उठवायच्या खटपटीत असताना शेजाऱ्याने खिडकीतून डिस्क मागितली, आणि एवेलिओने नेहमीच्या सवयीने ती देऊनही टाकली.

काय केलं ते संध्याकाळी लक्षात आलं. तो पिठाच्या हातांनीच धावत सुटला. शेजाऱ्याने डिस्क पुढे दिली होती. फोल्डर त्याला मालिकाच वाटला होता आणि बायकोने तो अर्धा वाचूनही काढला होता. पुढच्या घरात एवेलिओला पाहताच पोरी तोंडं लपवून हसल्या. त्याच्या पुढच्या घरातल्या म्हातारबुवांनी पाठ थोपटली. एवेलिओचे कान भट्टीसारखे तापले. लाज होतीच, पण जीव अडकला होता तो पत्रांत.

शेवटी मिलेइदिस भेटली, तर डिस्क तिच्याकडे परत येऊन कोरी झालेली.

"काका, मी नव्या आठवड्यासाठी पुसली हो," ती ओशाळून म्हणाली. "पण तुम्ही ओनेलियामावशींकडे बघा. त्या सगळंच उतरवतात आणि काहीच पुसत नाहीत."

ओनेलिया म्हणजे गल्लीतली सगळ्यात वडील बाई आणि सगळ्यात तिखट जीभ. तिने एवेलिओला बसवलं, कॉफी दिली आणि संगणकावर फोल्डर उघडून दाखवला. सोराइदाची सगळीच्या सगळी पत्रं होती. एवेलिओला इतका आनंद झाला की त्याने म्हातारीच्या कपाळाचा मुकाच घेतला.

"लाडीगोडी पुरे," ती म्हणाली. "ही खुणा केलेली पानं बघितली मी. बाराकोआच्या बसचं वेळापत्रक. बाराकोआचं हवामान. परत बसचं वेळापत्रक. अरे, तिकीट काढलंस का कधी?"

एवेलिओ कप विसळायला उठला.

"आणि तिचं शेवटचं पत्र? 'येणार आहेस की नुसता लिहीतच राहणार?' असं विचारलंय तिने. तू काय उत्तर दिलंस?"

"पाव कसा फुगला ते लिहिलं," तो पुटपुटला.

ओनेलिया इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने संगणकासमोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. एवेलिओने पीठ लागलेल्या बोटांनी तिथेच सोराइदाला दोन ओळी लिहिल्या, आणि या वेळी त्यांत पावाचं नाव नव्हतं.

बस निघायच्या दिवशी अर्धी गल्ली त्याला सोडायला आली. ओनेलियाने पत्रं एका पेनड्राइव्हवर भरून आणली होती. एवेलिओने तो तिच्याच हातात ठेवून तिची मूठ मिटवली.

"तुझ्याकडेच राहू देत, मावशी," तो म्हणाला. "ती समोर असताना मी पत्रं कशाला वाचत बसू?"