चोरांचा सिनेमा

आर्डिथ प्रुखनिकच्या घरी नाताळला एक भांडण ठरलेलं असायचं. नाताळचा सगळ्यांत चांगला सिनेमा कोणता? एरवी त्या घरात फारसं कुणी बोलत नसे. ओहायोतला पोलादाचा कारखाना बंद पडून नोकरी गेल्यापासून तिचा नवरा एमिल एका गोदामावर पहारा द्यायचा आणि घरी आला की तोंड मिटून बसायचा. पण ओव्हनमधून हॅम बाहेर आलं, टीव्ही लागला, की त्याची जीभ सुटायची.

बर्फात अडकलेल्या आगगाडीचा जुना कृष्णधवल सिनेमा त्याचा लाडका. "बाकी सगळा कचरा," म्हणायचा. आर्डिथला बाहुल्यांचा सिनेमा आवडायचा. पोरं लहान असताना त्यांना मांडीवर घेऊन तिने तो पाहिला होता. लेक जनीन आईच्या बाजूची. मुलगा कर्टिस मात्र हटून बसायचा. नाताळच्या रात्री बँक लुटणाऱ्या दोन चोरांचा मारधाडीचा सिनेमा, तोच एक नंबर.

"गोळीबार म्हणजे नाताळ का रे?" एमिल खेकसायचा.

"मागे नाताळचं झाड आहे ना? दिवे आहेत ना? मग झालं तर, बाबा!"

आर्डिथ हसून हसून बेजार व्हायची.

पुढे कर्टिस छपराच्या कामावरून पडला. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्या सुटेनात, मिळेनात, तेव्हा त्याने नशेची सुई धरली. आर्डिथच्या आईची अंगठी घरातून गेली. कुणी नेली हे सगळ्यांना कळलं, बोललं मात्र कुणी नाही.

त्या नाताळला तो आला तो पार वाळलेला. तरी बळेच हसून म्हणाला, "काय बाबा, यंदा तरी माझा सिनेमा?"

एमिलने मानही वर केली नाही. "चोराला चोरांचाच सिनेमा आवडणार."

कर्टिसने काटा खाली ठेवला, कोट उचलला. आर्डिथ दारापर्यंत धावली. "जेवून तरी जा रे!"

"भूक नाही, आई."

ऑक्टोबरमध्ये तो एका पेट्रोल पंपाच्या संडासात मेलेला सापडला.

पुढच्या नाताळला जनीन आली. शांतता सोसवेना म्हणून तिनेच विषय काढला. "मग? यंदा कुठला?"

एमिल घसा खाकरून म्हणाला, "त्याचाच चांगला होता."

आर्डिथच्या हातातला डाव बटाट्यांत तसाच राहिला. "आता? आता म्हणतोस?"

"आर्डी, मी..."

"एकदा म्हणायचं होतंस. खोटं म्हणाला असतास तरी चाललं असतं. उपाशी गेला माझा पोरगा!"

एमिलचा चेहरा पिळवटला. तो रडतोय हे तिला दिसत होतं. एकतीस वर्षांच्या संसारात तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, असं तिला क्षणभर वाटलंसुद्धा. पण पाय उचलेनात. तिने ताटं गोळा केली आणि नळ मोठा सोडला.

जानेवारीत ती जनीनकडे राहायला गेली. घटस्फोट तिने मागितला नाही, परतही गेली नाही. एमिल आता नाताळची पाळी मागून घेतो. त्या दिवशी गोदामावर दुसरं कुणी नसतं.