आधी कोण बसणार

पुनावळ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला आमचं गाड्यांच्या सीटचं दुकान आहे. पुढं आमचे हे सीट खोलतात, बसवतात, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत मी कव्हरं शिवते. आमच्याकडं एक पद्धत आहे. सीट गाडीत पक्की आवळायच्या आधी तिच्यावर मी बसून बघायचं. हे म्हणतात, गिऱ्हाईक गाडी न्यायच्या घाईत असतं, ते सगळ्यालाच चांगलं म्हणतं. मी चार माणसांत तोंड उघडत नाही. पण सीटवर बसले की हे वाकून विचारतात, "टोचतंय का कुठं?" आणि मी सांगते. दुकानात माझा शब्द चालतो तो तेवढाच.

दिवाळीनंतर काम वाढलं, म्हणून यांनी शिवायला एक बाई ठेवली. लातूरकडची. आधी चाकणला सीटच्या कंपनीत लाइनवर होती. जाड लेदरवर तिची दुहेरी शिलाई पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ यायची. हे टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "याला म्हणतात हात!" माझ्या शिलाईवरून यांनी कधी बोट फिरवलं नव्हतं.

त्यात ती बुटकी. मी यांच्यापेक्षा चार बोटं उंच. लग्नापासून यांच्याजवळ उभी राहताना मी खांदे पाडते. ती यांच्याशी बोलायची तेव्हा तिला मान वर करावी लागायची, आणि हे ताठ व्हायचे. मला मशीनवरून सगळं दिसायचं.

अशात माणच्या कंपनीतले एक साहेब जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोनच सीट, आणि छप्पर इतकं खाली की अंग चोरून आत शिरावं लागतं. मूळच्या सीटचे सांगाडे गंजून गेले होते. साहेबांनी भंगारातल्या दुसऱ्या गाडीच्या सीट मिळवल्या होत्या, त्या बसवायच्या होत्या. बोल्टची भोकं जुळेनात. मग यांनी लोखंडी पट्ट्या वेल्डिंग केल्या आणि त्यांच्यावर सीटच्या रेल चढवल्या. नवी कव्हरं तिला दिली. मला एका टेम्पोच्या सीटचं रेग्झिन. ताथवड्याची कॉलेजची पोरं गाडी बघायला थांबायची, तर ती त्यांच्याशीसुद्धा हसून बोलायची. मला ते या जन्मात जमणार नाही.

सीट आत ठेवल्या तशी मी हात पुसत पुढं आले. हे तिला म्हणत होते, "तुम्हीच बसा, शिलाई तुमची आहे."

"नको भाऊ, वहिनी बसतेत की."

"तिला रोजचंच आहे. बसा हो."

ती बसली. "अगं माय, गादीच हाय ही! झोपच लागंल बघा."

"मग कंपनीत परत जायचं नाव काढू नका!" हे हसून म्हणाले आणि पाना घेऊन बोल्ट आवळायला लागले. मी तशीच मागं फिरले. मशीन इतक्या जोरात मारलं की दोरा तुटला.

साहेब गाडी न्यायला आले. ते चांगले उंच. आत बसले आणि डोकं छताला टेकलं. मान वाकडी करून म्हणाले, "दादा, गाडी चालवायची की तिच्यापुढं मान खाली घालून बसायचं?"

यांचे कान लाल झाले. ती माझ्या शेजारीच उभी होती, तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. दोन्हीचं बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

साहेब गाडी ठेवून गेल्यावर यांनी त्या पट्ट्या कापून काढल्या, तळाला नवी भोकं पाडून रेल खाली घेतल्या, फोम तासला. तिनं कव्हरं उसवून पुन्हा मापात आणली. मग हे खोलीच्या दारात आले.

"अगं, बसून बघ जरा."

मी मशीन थांबवलं नाही. "त्यांनाच सांगा. शिलाई त्यांची आहे."

"त्या पुरत नाहीत तिथं. उंच माणूस पाहिजे."

एवढ्या वर्षांत यांनी माझ्या उंचीचं नाव काढलं नव्हतं. काढलं ते सीटसाठी. तरी मी उठले.

गाडीत मी ताठ बसले, खांदे न पाडता. डोकं आणि छप्पर यांच्यामधे हात जाईल एवढी जागा राहिली होती.

"टोचतंय का?"

"टोचत नाही. पण डावीकडं कलतंय."

हे खाली वाकले. एका बोल्टखाली जास्तीचा वायसर राहिला होता. तो काढला आणि तिला म्हणाले, "तुम्ही पण बसा त्या बाजूला. उंचाचं, बुटक्याचं, दोन्ही कळेल."

ती माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्या बाजूची शिलाई नीट बसली का वो?"

"बसली," मी न बघताच म्हटलं.

आता प्रत्येक सीटवर आम्ही दोघी बसतो. आधी मी, मग ती. कधी कधी माझं सांगून व्हायच्या आत ती शेजारी उभ्या उभ्याच बोलून मोकळी होते, आणि हे तिच्याकडं बघतात. मी गप्प होते, पण उठत नाही. हे वळून पुन्हा मला विचारेपर्यंत सीट सोडत नाही.