निळ्या गळ्याची दुरुस्ती

कवी मंडळी माझ्या मावशीला पाठीमागे 'पिसंकाढी' म्हणायची. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची आणि ऱ्हस्व-दीर्घाबरोबर पाखरांचे रंगही तपासायची. सापडलेली पिसं पुठ्ठ्यावर चिकटवून खणात ठेवलेली असत. कुणी कावळ्याला नखशिखांत काळं केलं, की समासात लाल शाई: 'मान करडी. पुन्हा बघून लिहा.' काळी कोकिळा गायला लागली, की: 'गातो तो नर, काळाही तोच. मादी ठिपक्यांची.'

"अहो, यमक जाईल माझं," एक कवी काकुळतीला आला होता.

"यमक जाऊ दे, पक्षी राहू दे," मावशी म्हणाली.

मला तर मजाच वाटायची. आकाशावर पानंच्या पानं लिहितात आणि मान वर करून बघत नाहीत, त्यांची अशी खोड मोडायलाच हवी.

मग माझ्या आईचा पहिला संग्रह मावशीच्या टेबलावर आला. आई तिची धाकटी बहीण. आजोबांवरच्या कवितेत ओळ होती, 'निळ्या गळ्याचा नीळकंठ पहाटे दारातून उडून जाई.' मावशीने बहीणबिहीण काही पाहिलं नाही. लिहिलं: 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नीळकंठाचा गळा तांबूस. निळे ते पंख.'

आई धुमसत छापखान्यात गेली, मागोमाग मी. पानं दुपारी छपाईला जायची होती.

"ही कविताच काढून टाक," आई म्हणाली. "बाबांवर एवढी एकच जमली होती. खोटी असेल तर नको."

"काढायची कशाला? एक शब्द तर बदलायचा."

"तो पक्षी नाही गं ताई. बाबा आहेत. पहाटेच्या पाळीला निघायचे, गळ्यात तो मफलर. विसरलीस?"

मावशीने पान पुन्हा स्वतःकडे ओढलं. तो मफलर तिनेच शाळेत असताना विणला होता. टाके सुटलेले, एक टोक आखूड. आजोबांनी तो शेवटपर्यंत वापरला. मला त्या क्षणी तिची फार दया आली.

तिने आपलीच लाल ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'आहे तसे ठेवा.' तीस वर्षांत एकाही पाखराला तिने ही सवलत दिली नव्हती.

पान आईच्या हातात देताना मात्र तिला राहवेना. "मफलर निळा नव्हता पण. मोरपंखी होता. लोकर मी आणली होती."

"मग बदलायचं का?"

"नको," मावशी चष्मा पुसत म्हणाली. "तू लहान होतीस. पहाटे उजेड कुठे असतो? तुला निळाच दिसला असणार."