लाल आणि हिरव्याचं भांडण

प्रयोग दाखवल्याशिवाय काही शिकवायचं नाही, असा माझा बाणा आहे आणि तो मी चारचौघांत मिरवतेही. त्यामुळे ज्या एका दिवशी मी प्रयोग न करता शिकवायला गेले, नेमकी त्याच दिवशी तोंडघशी पडले.

पालीच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत गेलं की आमची चिऱ्याची शाळा. सहावीत अकरा पोरं. प्रकाशाचा धडा आला की माझ्या अंगात येतं. पाण्याच्या परातीत आरसा तिरका ठेवून आम्ही आढ्यावर इंद्रधनुष्य पाडलं. खोक्याला भोक पाडून त्यात उलटी एसटी पाहिली. "बाई, आतली माणसं पडत कशी नाहीत?" यावर अर्धा तास वाद चालला. इतक्या आनंदात शिकवलेला धडा दुसरा नाही.

मग आलं रंगीत प्रकाशाचं मिश्रण. ऐन श्रावणात वीज गेलेली, माझ्या दोन्ही बॅटऱ्यांचे सेल संपलेले. उद्यावर ढकलायला हवं होतं. पण मला घाई. मी फळ्यावर सरळ लिहिलं, लाल अधिक हिरवा बरोबर पिवळा.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. तिचा हात दिवसभर वरच असायचा. "नाय बाई. चिखल होतो. आजोबांच्या करवंटीत मी बघितलाय."

तिचे आजोबा गणपती करतात. पावसाळ्यात त्यांच्या पडवीत शाडूच्या पन्नास-साठ मूर्ती रांगेनं बसलेल्या असतात. मला हे ठाऊक होतं. प्रकाशाचे रंग आणि कुंचल्याचे रंग वेगळे वागतात, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण वर्ग हसला आणि माझा पारा चढला.

"तुझ्या आजोबांचं शिक्षण किती गं?" मी विचारलं.

ती खाली बसली. पुढचे आठ दिवस तिचा हात काही वर आला नाही. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची, पण आपणहून एक शब्द नाही. मला घरी जेवण गोड लागेना. माफी मागायची तर शब्द सापडत नव्हते, आणि खरं सांगायचं तर हिंमतही होत नव्हती.

नवव्या दिवशी आजोबाच शाळेत आले. हातात तीन करवंट्या, बोटांच्या पेरांवर सोनेरी रंग. गणपतीला पंधरा दिवस राहिलेले, डोळ्यांची आखणी अर्धवट टाकून माणूस आला होता.

"बाईनू, तुम्ही माझं शिक्षण इचारलंत म्हणे," ते शांतपणे म्हणाले. "चवथी पास." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "त्याचा राग नाय. पण पोरगी घरी बोलत नाय. काल म्हणाली, आजोबा, खोटं कोण, तुम्ही की बाई? म्हटलं, जाऊन बघूया."

नात मान खाली घालून बसली होती. आमच्यापैकी एकाला खोटं ठरवायचं, हे ओझं अकरा वर्षांच्या पोरीवर मी टाकलं होतं.

आजोबांनी करवंटीत लाल आणि हिरवा रंग एकत्र ढवळला. पोरं ओरडली, "चिखल!" खरोखर, भातखाचरातला वाटावा असा.

आता माझी पाळी. खिडक्यांना ताडपत्री लावली. मखरासाठी आणलेला जिलेटिनचा कागद बॅटऱ्यांच्या तोंडाला गुंडाळला, एकीला लाल, एकीला हिरवा. या खेपेला सेल नवे होते. दोन्ही झोत भिंतीवर एकमेकांवर पाडले.

हिरवं. नुसतं हिरवट, आजारी दिसणारं काहीतरी. मी बॅटऱ्या हलवल्या, पुसल्या, पुन्हा धरल्या. पोरांना माझी कीव आली. पिवळ्याचा पत्ता नव्हता.

आजोबा उठून भिंतीजवळ आले. डोळे बारीक करून बघत राहिले. "हिरवा जोर करतोय," ते म्हणाले. "त्याला मागं घ्या. कागदाची अजून एक घडी घाला त्याच्यावर." मी घडी घातली, दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी नातीला हाक मारली, "बाय गो, तू ये. लाल तू धर. जरा पुढं. अजून. थांब!"

भिंतीवर पिवळा उगवला. पिकल्या पपनसाच्या सालीसारखा, स्वच्छ.

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आजोबांनी हळूच हात झोतात धरला. भिंतीवर त्यांच्या बोटांच्या सावल्या दुहेरी पडल्या, एक लाल, एक हिरवी. ते बोटं उघडत मिटत राहिले, लहान पोरासारखे.

"पितांबराचा पिवळा हाय हा," शेवटी ते म्हणाले. "पन्नास वर्षं रंग कालवतोय, पण ह्या दोघांतनं निघंल असं नव्हतं वाटलं."

"तुम्ही नसता तर निघाला नसता," मी म्हटलं. ते खरंच होतं. याआधी असं कुणाच्या नजरेनं मला वाचवल्याचं आठवत नाही.

करवंट्या उचलून ते निघाले. मूर्ती वाट पाहत होत्या. ताडपत्री काढून, घसा खाकरून मी शिक्षकी आवाजात विचारलं, "तर मग, लाल आणि हिरवा प्रकाश मिळून काय झालं?"

पहिल्या बाकावरचा हात ताडकन वर गेला.

"पिवळा झाला," ती उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणाली. "आजोबांनी हिरव्याला मागं घ्यायला लावलं म्हणून झाला. बाईंना येत नव्हता."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"बरोबर," मी म्हटलं. "बाईंना येत नव्हता."