वाशाएवढी खोली

वडील सुतार. ते गावाहून बहरीनला आले तेव्हा त्यांना मुहर्रकमधलं एका मोती व्यापाऱ्याचं एकोणिसाव्या शतकातलं घर दाखवायला नेलं. एवढा श्रीमंत माणूस, पण खोल्या बोळासारख्या अरुंद. मी ड्राफ्ट्समन, मला राहवेना. बांधणाऱ्याला अक्कलच नव्हती, म्हणालो.

वडील वर छताकडे बघत होते. "अरे, इथे झाडं कुठायत? लाकूड जहाजाने यायचं. वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद. त्यांचा नाइलाज होता."

संध्याकाळी उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंग आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून जाताना ते थांबले. वरच्या सिमेंटच्या स्लॅबकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "इथे कुठला वासा आखूड पडला?"

त्या इमारतीचा नकाशा मीच काढला होता.