गालात धरलेला घास

गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि पाय मशीनच्या पायट्यावर, अशा वेळी शिवणवालीला तिच्या लेकीनं बातमी दिली. "आई, आज मी भोपळा संपवला. परत मागून घेतला."

ओठांत टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर त्यातून काय बाहेर पडलं असतं देव जाणे. भोपळा! घरी ह्याच भोपळ्याची फोड जिभेला लागली की पोर असं तोंड करायची, जणू कुणी साबण चारला.

"कुणी वाढला?" माहीत असूनही शिवणवालीनं टाचण्या काढून विचारलं.

"गादीमावशीनं!"

झालं. शिवणवालीच्या पायाखाली मशीन अशी धावली की शेजारणीच्या पोलक्याची बाही वाकडी शिवली गेली.

लेक बालवाडीत जायची. रांगायच्या वयात मशीनखाली पडलेली बटणं वेचायची, म्हणून घरीदारी तिचं नाव बटणच पडलं. आणि गादीमावशी म्हणजे बालवाडीत मुलांना जेवू घालणारी, दुपारी निजवणारी बाई. अंगानं ऐसपैस. मुलं तिला रेलून बसायची, त्यांनीच ते नाव ठेवलं होतं. बटणच्या तोंडी दिवसभर तीच. गादीमावशी असं म्हणते, गादीमावशी तसं करते. ऐकून ऐकून शिवणवालीचे कान किटले होते.

शिवणवाली काही निष्काळजी नव्हती. उलट लेकीच्या जेवणापायी तिचा जीव मेटाकुटीला यायचा. संध्याकाळी गिऱ्हाइकांची घाई. बटण शाळेतून आली की हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा, म्हणजे ती मशीनपाशी लुडबुडत नाही. मग दिवेलागणीला ताट घेऊन बसायचं. घास भरवायचा, तो गिळला की उठून एक टीप मारून यायची, की पुढचा घास. बटण घास गालात धरून बसायची. एक गाल फुगलेला, डोळे आईवर.

"गिळ. अगं गिळ ना, बाई! त्या घासाला आता पाय फुटतील."

बटण ढिम्म. झोपेचीही तीच तऱ्हा. अंथरुणावर टाकली तरी मशीनचा दिवा मालवेपर्यंत डोळे टक्क उघडे. सकाळी उठवताना रडारड ठरलेली.

नवरा खाजगी बसवर ड्रायव्हर. तो हसण्यावारी न्यायचा. "शाळेत जेवते ना? मग झालं. पोटात गेल्याशी कारण."

"अहो, तुमच्या गाडीतली माणसं उतरून पुढच्या गाडीत बसली, तर म्हणाल का पोचल्याशी कारण?"

यावर तो पाणी प्यायला उठला.

मग एक दिवस बालवाडीच्या बाईंनी तिला थांबवून घेतलं. "रागावू नका, पण मागच्या सुट्टीत बटणचं वजन उतरलं होतं. शाळा सुरू झाल्यावर कुठं भरून आलं. आता पुन्हा मोठी सुट्टी येतेय. घरी जेवणाझोपेच्या वेळा जरा पाळा."

शिवणवालीचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून गादीमावशी म्हणाली, "माझ्याकडे पाठवा की सुट्टीभर. मागच्याच गल्लीत तर राहते. मला तरी घरी कोण आहे? जेवेल, झोपेल, संध्याकाळी घेऊन जा."

बटण टुणकन उडी मारून मावशीच्या कमरेला बिलगली. शिवणवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडानं ती एवढंच म्हणाली, "बघू."

घरी येऊन तिनं देवापुढे हात जोडले आणि मागितलं काय, तर मावशीला सुट्टीत कुठेतरी लांब जायची बुद्धी दे. मग जीभ चावली, कान पकडले. मागणं मात्र परत घेतलं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात शाळेनं तिलाच मावशीचा नवा एप्रन शिवायला सांगितला. माप घ्यायचं निमित्त काढून ती मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेली. ही बाई करते तरी काय, एकदाचं बघू. गाणी म्हणते? गोड काही देते?

काहीच नाही. मावशीनं मुलांच्या ताटांत वाढलं, स्वतःचं ताट घेतलं, फतकल मारली आणि जेवायला लागली. कुणाला भरवणं नाही, 'एक घास काऊचा' नाही. मुलं आपापली जेवत होती. बटण भाताचा गोळा करून तोंडात टाकत होती आणि गिळत होती! शिवणवाली दाराआडून बघत राहिली. जेवणं आटोपल्यावर सतरंज्या पडल्या, पडदे ओढले गेले. आता तरी अंगाई? मावशी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि सगळ्यांच्या आधी घोरायला लागली. त्या घोरण्यावर सगळी बालवाडी झोपली. बटण तर तिच्या पाठीला पाठ लावून.

'घोरते!' शिवणवाली मनात म्हणाली. 'मी घसा बसेपर्यंत गाणी म्हणायची, आणि ही नुसती घोरते!'

मावशी उठल्यावर तिनं माप घेतलं. कमरेभोवती टेप जेमतेम पुरली. घरी येऊन कापड पसरलं, कात्री हातात घेतली आणि कमरेत चार बोटं कमी कापलं. अगदी जाणूनबुजून. शिवताना टीप सुरेख सरळ आली, ह्याचंही तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. शिवणवाली ओट्याशी कणीक मळत होती. बटण मशीनखाली चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत बसली होती. खेळ भातुकलीचा. बाहुलीला घास भरवून झाला, आणि बटण तिच्या कानाशी लागून म्हणाली, "लगेच नको गिळूस हं. गिळलंस की आई मशीनवर जाते. धरून ठेव, म्हणजे बसेल."

थोड्या वेळानं बाहुलीला अंथरुणावर टाकलं. "डोळे नको मिटूस. दिवा गेला की मग आई येते."

शिवणवालीचे हात कणकेतच राहिले. मावशीनं लेकीवर काही चेटूक केलं असतं, तर तिला इतकं लागलं नसतं. मावशीचं ताट मावशीपुढे होतं, ती उठून जाणार नाही हे मुलांना ठाऊक होतं. म्हणून घास खाली उतरत होता. एवढंच. आणि इथे पोर रोज गाल दुखेस्तोवर घास धरून बसत होती, आईला धरून ठेवायला.

त्या संध्याकाळी तिनं बिस्किटाचा पुडा वरच्या फळीवर ठेवला. बटणनं थोडा तमाशा केला. गिऱ्हाईक दाराशी आलं, त्याला सांगितलं, "आता सकाळी या." मशीनवर चादर टाकली. दोन ताटं वाढली, एक स्वतःसाठी. नवऱ्यानं आत येऊन चादरीकडे बघितलं. "मशीन आजारी आहे का?"

"गप्प बसा आणि पान घ्या."

बटणनं पहिला घास घेतला आणि गालात धरला. आईकडे बघितलं, चादरीकडे बघितलं. शिवणवाली जेवत राहिली. पोटरी सवयीनं हलत होती, ती तिनं हातानं दाबून धरली. बऱ्याच वेळानं गाल खाली बसला. बटण पुन्हा आईकडे बघत राहिली. आई जागची हलली नाही. मग दुसरा घास जरा लवकर गेला. भोपळा मात्र तिनं बापाच्या ताटात सरकवला.

निजताना शिवणवाली शेजारी आडवी झाली. घोरता येईना, म्हणून नुसती मोठ्यानं श्वास घेत राहिली. तिसऱ्या-चौथ्या कुशीला बटण झोपली.

हे काही एका दिवसात अंगवळणी पडलं नाही. दोन गिऱ्हाइकं तुटली, पहाटे उठून टिपा माराव्या लागल्या. पण सुट्टी लागायच्या आत घास गालात अडकायचा थांबला, आणि सकाळची रडारडही.

एप्रन तिनं उसवला, बाजूंना पट्ट्या जोडल्या आणि शाळेत नेऊन दिला. मावशीनं घालून बघितला. "वा! अगदी मापात. मग, सुट्टीत पाठवताय ना बटणला?"

"नाही," शिवणवाली म्हणाली. किती दिवस तिला हे म्हणायचं होतं! "ती आता माझ्याजवळ जेवते. झोपतेसुद्धा."

"बरं झालं हो," मावशी म्हणाली आणि एप्रनची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधू लागली. "मुलं काय, सुट्टी लागली की विसरतात."

शिवणवालीला आतून गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. झाल्याही थोड्या. पण त्या नाडीवरून फिरणारी बोटं तिला बघवेनात. "रविवारी तुम्हीच या जेवायला," ती बोलून गेली.

"खरंच येऊ?"

बटण टाळ्या पिटत दोघींभोवती नाचायला लागली. शिवणवालीला लगेच वाटलं, कुठून बोलले! ही बाई येणार, फतकल मारून बसणार, आणि कार्टी जाऊन तिलाच चिकटणार. पण शब्द परत घेता येईना.

घरी जाताना वाटेत तिनं मनातल्या मनात ताटं मांडली. बटण भिंतीकडे, मावशी दाराकडे. मधे मी बसेन.