चौदा परातींचे सहसंशोधक

स्वतःला एकदाही संशोधन-अनुदान न मिळता अनुदानांचा इतका जाणकार झालेला माणूस साऱ्या छत्तीसगडात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो माझ्या साडूच्याच हाताखाली तयार झालेला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडं साडूला साडभाऊ म्हणतात, आम्ही दोघंही एकमेकांना तसंच म्हणतो. भिलाईच्या एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. मी रेल्वेच्या कार्मिक विभागात बाबू. म्हणजे फॉर्म भरून घेणं आणि चुकलेला फॉर्म परत पाठवणं हा माझा धंदा, आणि फॉर्म भरणं हा त्यांचा छंद. त्यामुळं आमचं जमायला हवं होतं आणि बरंच जमलंही.

त्यांच्या घरी भिंतीवर कालनिर्णयासारखं साधं कॅलेंडरच होतं, पण त्यावर दिवाळी-दसऱ्याला कुणी विचारत नसे. लाल गोल असायचे ते निरनिराळ्या योजनांच्या अंतिम तारखांना. कुठलं मंत्रालय कधी प्रस्ताव मागवतं, कुठल्या परिषदेचं पोर्टल शेवटच्या दिवशी दुपारनंतर हमखास बसतं, कुणाला सही निळ्या शाईचीच लागते, हे सगळं त्यांच्या जिभेवर. पोरीच्या लग्नाची तारीख ठरत होती तेव्हा त्यांनी ती आठ दिवस पुढं ढकला म्हणून गळ घातली. वरपक्षाला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. विहीणबाई फळं घेऊन भेटायला आल्या. साडभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं की आजारी कुणी नाही, एका योजनेची मुदत संपते आहे. बाई फळं ठेवून गेल्या, आणि लग्न आठ दिवस पुढंच झालं.

संशोधनावरचं चर्चासत्र किंवा कार्यशाळा दुर्गपासून रायपूरपर्यंत कुठंही असो, हे हजर. ‘संशोधन प्रस्ताव कसा लिहावा’ या विषयावरच्या कार्यशाळा त्यांनी इतक्या केल्या होत्या, की एकदा पाहुणे वक्ते आले नाहीत तेव्हा आयोजकांनी यांनाच उभं केलं आणि यांनी न आलेल्या वक्त्यांचं भाषण जवळजवळ शब्दशः करून दाखवलं. कुणी कितीही गहन बोललं तरी शेवटी यांचा हात वर जायचा आणि प्रश्न एकच असायचा, याची अंतिम तारीख कोणती. अशा प्रत्येक कार्यक्रमात कापडी पिशवी मिळते. खुर्सीपारच्या त्यांच्या गल्लीत त्या पिशव्या घरोघर गेल्या होत्या. बाजाराच्या दिवशी बायका निघाल्या की एकीच्या पिशवीवर नॅनो-पदार्थ, दुसरीच्या पिशवीवर शाश्वत विकास, आणि आत दोन्हीकडं कांदे-बटाटे.

बरं, ही सगळी माहिती स्वतःपुरती ठेवतील तर ते साडभाऊ कसले. जे हाती लागेल ते सगळ्यांना पाठवायचं. मी एकदा सहकुटुंब पुरीला जाऊन आलो, तर मला खोल समुद्रातल्या जीवांवरच्या एका योजनेचं पत्रक आलं. विचारलं तर म्हणाले, समुद्र पाहिलेला माणूस आमच्यात दुसरा कोण आहे. पण यातला थट्टेचा भाग सोडला तर कॉलेजातल्या कितीतरी तरुण मास्तरांना यांच्यामुळं अनुदान मिळालं. मसुदा घेऊन कुणी आलं की हे पेन्सिल कानावर ठेवून बसत, आणि माणूस उठायचा तो पक्का फॉर्म घेऊनच. त्या पैशांतून आलेल्या यंत्रांची उद्घाटनं व्हायची, आणि साडभाऊ मागच्या रांगेत बसून सगळ्यात जास्त टाळ्या वाजवायचे. दुसऱ्याच्या पंक्तीला इतक्या आनंदानं वाढणारा माणूस मी पाहिला नाही, आणि याचा मला कधीकधी रागही येई.

त्यांचा स्वतःचा विषय मात्र धूळ. भंडाऱ्याकडून येऊन वडील भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागले, तेव्हापासूनचं त्यांचं घर खुर्सीपारमध्ये. प्राध्यापक झाले तरी त्यांनी ते सोडलं नाही. लहानपणी आई गच्चीवर सांडगे वाळत घाले आणि काढताना प्रत्येक सांडगा पदरानं पुसे. ही धूळ येते कुठून आणि असते किती, हा प्रश्न पोराच्या डोक्यात बसला तो उठलाच नाही. रस्त्याची, चुलीची, शेताची की कारखान्याची, हे कुणी विचारलं की ते म्हणत, आधी मोजू, मग बोलू. मोजायची रीत अशी, की गच्चीवर एका मापाची परात ठेवायची, तिच्यात बोटभर पाणी, वर पाखरांनी तोंड घालू नये म्हणून जाळी. दर सोमवारी ते पाणी बाटलीत भरून आणायचं, गाळायचं, आणि गाळलेला कागद वाळवून वजन करायचं. कागद स्वयंपाकघरात दोरीवर चिमट्यांनी लावलेले असत. आमच्या घरी पापड कमी आणि कागद जास्त वाळतात, असं माझी मेहुणी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

गल्लीतल्या चौदा घरांत चौदा पराती ठेवायच्या ठरल्या. यांनी एकदम चौदा पराती घेतल्या तेव्हा दुकानदारानं नवरी कुठल्या गावची म्हणून विचारलं. आता आपल्या लोकांत भांडं दिलं म्हणजे त्यावर नाव घातलंच पाहिजे. बायकांनीही तेच म्हटलं, नाव नसलेलं भांडं आम्ही घरात ठेवत नाही. साडभाऊंनी नाव घालणाऱ्याला बसवलं आणि प्रत्येक परातीवर त्या-त्या बाईचं पूर्ण नाव कोरून घेतलं. खाली काय घालू, ‘सप्रेम भेट’ का, असं त्यानं विचारलं. यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, ‘सहसंशोधक’ घाल. तो बिचारा तीनदा अडखळला, पण चौदाही परातींवर घातलं.

घोटाळा इथंच झाला. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये सहसंशोधकांचा एक तक्ता असतो. नाव, पद, शैक्षणिक पात्रता. दुसऱ्यांच्या फॉर्ममधला स्वल्पविरामसुद्धा न सोडणाऱ्या या माणसानं स्वतःच्या फॉर्ममध्ये चौदा नावं लिहिली आणि पदाच्या रकान्यात लिहिलं: गृहिणी, गृहिणी, शिवणकाम, अंगणवाडी सेविका, गृहिणी. अर्ज छाननीतच परत आला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असे अकरा अर्ज परत आले, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, सहसंशोधक पात्र नाहीत. दरम्यान वह्या भरत गेल्या. सोमवार एकही चुकला नाही.

बाराव्या वेळी गोष्ट वेगळी होती. अर्जदाराची निदान तीन वर्षं नोकरी शिल्लक हवी अशी अट होती, आणि साडभाऊंची तीन वर्षं आणि काही दिवसच उरले होते. ही संधी गेली की कायमची गेली. अनुदान मिळालं तर चांगला तराजू येणार होता, धुळीत काय-काय आहे ते दाखवणाऱ्या तपासण्या होणार होत्या, आणि इतक्या वर्षांच्या वह्यांना अर्थ येणार होता. नाहीतर ते नुसते वजनांचे आकडे. ते कोहक्याला आमच्याकडं आले होते. मी फॉर्म पाहिला आणि बाबूच्या आवाजात सांगितलं की हा तक्ता कोरा सोडा. नावं गाळली म्हणून कुणाचं काही जात नाही, फॉर्म हा फॉर्म असतो.

त्यांनी पेन्सिल तक्त्यावर नेली आणि परत कानावर ठेवली. मग म्हणाले, “परातीवर कोरून बसलो ना, साडभाऊ. आता त्यायले न विचारता कसा खोडू?”

म्हणून आम्ही दोघं मेश्रामकाकूंकडं गेलो. गल्लीतली पहिली परात त्यांच्या गच्चीवर. नवरा प्लांटमधून निवृत्त होऊन वारलेला, पोरं बाहेर, आणि काकू सोमवारी सकाळपासून परातीपाशी उभ्या. साडभाऊंनी अडखळत सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, जाळीवरचं पान उचलून टाकलं आणि म्हणाल्या, “खोडून टाका ना जी, सर. कागदावर आमी कवा होतो? परात तं माह्याच घरी हाय.”

यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते साडभाऊंना लागलं असावं. पण तक्ता त्यांनी कोरा ठेवला, आणि अर्ज छाननीतून पहिल्यांदा पुढं सरकला. सादरीकरणासाठी रायपूरला बोलावणं आलं. मी रजा टाकून सोबत गेलो. खरं सांगायचं तर मला माझा सल्ला फळताना पाहायचा होता.

मी बाहेर बाकावर होतो. आत काय झालं ते त्यांनीच परतीच्या गाडीत सांगितलं. समितीला काम आवडलं होतं. एका तरुण तज्ज्ञानं मोठ्या आदरानं विचारलं, इतकी वर्षं इतकी ठिकाणं तुम्ही एकट्यानं सांभाळलीत का. हो म्हणायचं, की संपलं. मदतनीस होते म्हटलं असतं तरी भागलं असतं. साडभाऊंनी घराच्या क्रमानं चौदा नावं सांगायला सुरुवात केली, मेश्रामकाकूंपासून. वेळ संपल्याची घंटा नवव्या नावाला वाजली. हे थांबले नाहीत. चौदावं नाव झाल्यावर अध्यक्षांनी अर्ज उलटून पाहिला आणि विचारलं की यातली एकही व्यक्ती या अर्जात कशी नाही. मग अर्ज नामंजूर झाला आणि त्यावर माहिती अपुरी दिल्याचा शेरा पडला. अर्थात त्या फॉर्मप्रमाणे तो बरोबरच होता. मीही तोच मारला असता.

गाडी कुम्हारीच्या पुढं आली तेव्हा त्यांनी समितीकडून मिळालेलं जेवणाचं पाकीट उघडलं, अर्धं मला दिलं आणि म्हणाले, “पयल्यांदा पूर्ण यादी ऐकली लोकायनं.” ते खरोखर समाधानानं जेवत होते. मी मात्र माझा अर्धा वाटा तसाच बांधून ठेवला. अकरा वेळा त्यांचा फॉर्म चुकला होता, पण तो खरा होता. बाराव्या वेळी तो बिनचूक होता आणि तो माझा होता.

आता ते निवृत्त झाले आहेत. कुठल्याच योजनेच्या वयात ते बसत नाहीत, तरी कॅलेंडरवर लाल गोल आहेतच, दुसऱ्यांसाठी. सोमवारही चुकत नाही. मध्यंतरी एका सकाळी ते स्कूटरवरून कोहक्याला आले, मागं वर्तमानपत्रात बांधलेली परात. तुलनेसाठी खुर्सीपारपासून लांबचं एक ठिकाण हवं होतं म्हणाले. मी कागद सोडला. परातीवर माझं पूर्ण नाव होतं, खाली ‘सहसंशोधक’, आणि त्याच्याखाली ‘पद: साडू’.

हे कुठल्या फॉर्ममध्ये दाखवणार, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण आयुष्यभराची सवय.

“आता फॉर्मच नाई,” ते जाळी बसवत म्हणाले. “तं खोडाले लावते कोन?”

टोमणा मारणं त्यांच्या स्वभावात नाही, त्यांनी ते सहजच म्हटलं असणार. दर सोमवारी ड्युटीला जाण्याआधी मी गच्चीवर जातो आणि पाणी बाटलीत ओततो. परात रिकामी झाली की तळाशी नाव दिसतं. ते मी फडक्यानं पुसतो, आणि वर पुन्हा बोटभर पाणी घालतो.